हाय-हॅटकडचा कान

मुरबे,
शनिवार, दुपार

प्रिय कुंदन,

आधी 'कुंद्या' लिहिलं होतं. मग तो कागद फाडला, कारण तसं म्हणायचा हक्क सध्या तरी माझ्याकडे नाही. आज तेवीस दिवस झाले, आपण एकमेकांशी शब्द बोललेलो नाही. परवा, सोमवारी अकरा वाजता, कंपनीत तुझी चौकशी आहे आणि तुझी नोकरी राहते की जाते ते तिथे ठरणार आहे. तुझ्याविरुद्ध जे कागद आहेत त्यातलं सगळ्यात जड वाक्य माझ्या हातचं आहे: 'वाफेचा व्हॉल्व्ह उघडण्यापूर्वी कुंदनने मला विचारले नाही व मी कोणताही इशारा केला नाही.' खाली माझी सही. ते वाक्य तुला पाठ झालं असेल. मलाही झालंय. हे पत्र त्या वाक्याबद्दलच आहे, पण मला थोडं मागून यावं लागेल. तू म्हणशील, आला हा, गाणं सुरू करायच्या आधी दहा मिनिटं नुसता बडवत बसणार. बसतो. पण पत्र मध्येच फेकू नकोस, शेवटपर्यंत वाच.

माझं वाजवणं काही कुठल्या क्लासात सुरू झालं नाही, ते मुरब्याच्या हळदीत सुरू झालं. बेंजो पार्टीचा ड्रमवाला एकदा जेवायला बसला तो उठेचना, तेव्हा नवरीच्या मामाने मला मानगुटीला धरून त्याच्या जागी बसवलं. मी नववीत होतो. चार तास वाजवलं, हाताला फोड आले. घरी गेल्यावर आईने विचारलं, "जेवलास का रं?" आणि ते मला तिसऱ्यांदा विचारल्यावर ऐकू आलं. कुणाला त्याचं काही वाटलं नाही. बाबांचा एक कान बोटीच्या इंजिनाने कधीच खाल्लेला, दुसरा अर्धा उरलेला. आमच्या घरात सगळेच ओरडून बोलतात, पाहुण्यांना वाटतं भांडण लागलंय. बोटीवर तर तोंडाने कुणी बोलतच नाही. हात वर केला की ओढा, पंजा दाखवला की थांबा. मला पहिल्यांदा दर्यावर नेलं तेव्हा बाबा म्हणाले होते, "आयकत नको बसू, माज्याकडं बघत राव." ऐकू न येणं हा आमच्याकडे आजार नव्हताच रे. केस पिकतात तसं ते कधीतरी होणार होतं, एवढंच.

मग आयटीआयच्या वर्गात तू आलास, पाठीवर क्रिकेटचं किट असावं तसं काहीतरी अडकवून, आणि आतून निघाली चार तारांची बेस गिटार. वाणगावच्या मिरचीवाल्यांचा मुलगा, शुद्ध बोलणारा, त्यात मासे न खाणारा! पहिल्या दिवशी तू मला अजिबात आवडला नव्हतास, आज सांगून टाकतो. पण तुझ्या बाबांची मिरची भरायची शेड हंगाम संपला की रिकामी असायची, आणि मला आवाज करायला जागा हवी होती. विरारहून टेम्पोत घालून आपण तो जुना ड्रम सेट आणला, एका झांजेला तडा गेलेला. मेहुल त्याची गिटार घेऊन आला. चारुता गायला आली आणि पहिल्याच ओळीत अशी शिंकायला लागली की थांबेना. पोती गेली तरी तिखट हवेत उरलंच होतं. बँडचं नाव 'सुकट' तिनेच काढलं, आणि तू तोंड वाकडं केलंस म्हणून मी लगेच हो म्हटलं. तुझे बाबा, कृष्णकांत काका, दारात उभे राहून म्हणाले, "चालू द्या, पण माझ्या म्हशी आटल्या तर त्या ड्रमवाल्याला गोठ्यात बांधीन." दर शनिवारी ते शेडची चावी मात्र स्वतः आणून द्यायचे.

बोईसरच्या गणपतीत आपण पहिल्यांदा लोकांसमोर वाजवलं, तेव्हा दुसऱ्या गाण्यानंतर मंडळवाल्यांनी 'नाचायचं काहीतरी लावा' म्हणून सरळ वायर काढली. दोन वर्षांनी त्याच मंडळाने बॅनरवर आपले चेहरे छापले. मग कॉलेजांचे महोत्सव, नाशिक, पुणे, वसईच्या स्टुडिओत केलेली ती सहा गाणी. मला त्या दिवसांत काय वाटायचं ते मी कधी बोललो नाही तुझ्याशी, आपल्यात तशी पद्धत नव्हती. सगळ्यांच्या मागे मी बसलेला, समोर लोकांचा तो सगळा अंधार, आणि माझ्या पायाच्या एका ठोक्यावर तुम्ही तिघं उभे. मी थांबलो तर सगळं थांबणार. बोटीवरच्या माणसाच्या पोराला याहून काय हवं? दुसऱ्या बाजूला कंपनी होतीच. एकाच आठवड्यात आपण तारापूरच्या एमआयडीसीत लागलो, एकाच प्लांटवर ऑपरेटर. पाळ्या बदलून बदलून कार्यक्रम केले. पुण्याहून येऊन, तोंडावर पाणी मारून, सातच्या पाळीला उभे राहिलोय. लोक म्हणायचे, हे दोघं बोलतच नाहीत, नजरेने काम करतात.

खरंच होतं ते. गाण्याच्या शेवटाला तू वळून बघायचास, अजून एक फेरी घ्यायची का म्हणून, आणि मी मान हलवली की घ्यायचास. दहा-बारा वर्षांत ती मान कधी चुकली नाही, म्हणून आपण ती कंपनीतही घेऊन गेलो. तिथला नियम काय आहे? वरच्याने ओरडून विचारायचं. खालच्याने आधी माणसं बाजूला काढायची, मग दोन्ही हात डोक्यावर न्यायचे आणि मोठ्याने 'उघड' म्हणायचं. भिंतीवर चित्र काढून लावलंय त्याचं. आपण दोघांनी तो नियम शेवटचा कधी पाळला, सांग बघू? मला नाही आठवत. नव्या लोकांना आपणच तो शिकवायचो आणि आपल्या दोघांना मात्र मान पुरायची.

आता कानाचं सांगतो. आधी झांजेचा मागचा झिणझिणाट गेला. काठी मारल्यावर जो बारीक आवाज हवेत राहतो ना, तो. मला वाटलं झांज जुनी झाली. नवी घेतली, ती पण तशीच. मग चारुताच्या गाण्यातले 'स' आणि 'श' गळायला लागले. मग घरी कुकरच्या शिट्ट्या. रुचिता म्हणायची, "नाटकं करतोस, तुला उठून गॅस बंद करायला नको." ड्रमवाल्याच्या डाव्या हाताला हाय-हॅट असते, पायाने मिटणारी झांजांची जोडी, कानापासून हातभर अंतरावर. तेरा वर्षं मी तिच्यावर काठी मारतोय. डावा कान तिने नेला. उजव्यात ताल धरायला टिकटिक वाजणारा इअरफोन असतो, त्याचा आवाज मी दर वर्षी थोडा थोडा वाढवत गेलो. वाढवला नाही तर ऐकू येईना, वाढवला की कान आणखी जाई. नाशिकला तिसऱ्या गाण्यात ती टिकटिक बंद पडली आणि चारुताने गाणं संपवल्यावरही मी पुढे वाजवतच राहिलो. लोकांना वाटलं तसाच शेवट आहे, टाळ्या पडल्या. मी हसून काठ्या वर केल्या. आतून मी पार गार पडलो होतो.

तरी गप्प राहिलो. बहिरा ड्रमर कोण ठेवतो, आणि बहिरा ऑपरेटर कोणती कंपनी ठेवते? दोन्ही एकदम गेलं असतं. मग मी एक सोपी सवय लावून घेतली. डावीकडून कुणी काही बोललं आणि कळलं नाही, की हसून मान हलवायची. कँटीनमध्ये, स्टेजवर, रुचिताच्या माहेरी, सगळीकडे. दहातल्या नऊ वेळा ते चालून जातं. माणसं उलट खूष असतात, निमेश कधी कुणाला नाही म्हणत नाही म्हणतात. लग्नात एकदा मी असाच मान हलवत राहिलो आणि नंतर कळलं की समोरचे काका त्यांचा भाऊ वारल्याचं सांगत होते.

तू विचारशील, मग दर वर्षीच्या मेडिकलमध्ये पास कसा झालास? या गोष्टीची मला तीन वर्षं आतल्या आत मिजास होती आणि आता स्वतःवर थुंकावंसं वाटतं. ती काचेची पेटी आठव. कानाला हेडफोन, हातात बटण, बारीक आवाज आला की दाबायचं. पहिल्या वर्षी आत बसलो, सुरुवातीचे जाड आवाज आले आणि मग काहीच येईना. घाम फुटला मला. पण तो तपासणारा माणूस ठेक्यात काम करत होता रे! आवाज सोडायचा, थांबायचा, पुन्हा सोडायचा. दिवसाला शंभर माणसं तपासायची असली की हात आपोआप तालात जातो. मी चार मोजले आणि दाबलं. पुन्हा चार, पुन्हा दाबलं. मध्ये मुद्दाम दोन-तीन सोडून दिले, पैकीच्या पैकी नकोत म्हणून. शेरा आला, 'दोन्ही कान उत्तम'. तू बाहेर बाकावर नंबर लावून बसला होतास. मी बाहेर आलो आणि तुला टाळी दिली. असं तीन वर्षं केलं.

आणि मग तो गुरुवार. पहिली पाळी, दीड वाजत आलेला. वाफेची लाइन सकाळपासून बंद होती, कारण खालच्या जोडातून गळत होतं आणि ठेकेदाराचा पंढरी, सालवडला राहतो तो, जोड आवळत बसला होता. पाळी संपायच्या आत भट्टी तापायला लावा म्हणून ऑफिसातून दोनदा फोन येऊन गेलेला. तू वरच्या प्लॅटफॉर्मवर व्हॉल्व्हपाशी, माझ्या डाव्या बाजूला. मी खाली, पंढरीजवळ. वॉकीटॉकी चार्जिंगला लावलेले. शेजारी पंप चालू. मी वर बघितलं, तू माझ्याकडेच बघत होतास, तुझं तोंड हललं. मी मान हलवली. आणि वाफ आली. पंढरीची किंकाळी मात्र मला नीट ऐकू आली, कुंदन. तू जिना उतरून नाही, उडी मारून आलास, त्याचा तापलेला बूट नुसत्या हातांनी ओढून काढलास. मी दोन पावलांवर उभा होतो आणि मला हलता येईना.

बघ, लिहून गेलो. मी मान हलवली. तेवीस दिवसांत हे पहिल्यांदा तुझ्यापुढे मांडतोय.

दुसऱ्या दिवशी मला ऑफिसात बोलावलं. साहेबांनी दोनच प्रश्न विचारले. कुंदनने तुम्हाला विचारलं का? मला काही ऐकू आलं नव्हतं, म्हणून मी नाही म्हणालो आणि मनाला सांगितलं की यात खोटं काही नाही. दुसरा प्रश्न, तुम्ही इशारा केला का? इथे मला पळवाट नव्हती. हो म्हटलं असतं तर लगेच पुढचा प्रश्न आला असता, कशाला हो म्हणालात? आणि मला काय विचारलं होतं तेच माहीत नव्हतं. मग कान आला असता, मग मेडिकल, मग ती काचेची पेटी, मग बँड. हे सगळं एका क्षणात डोक्यात आलं आणि मी नाही म्हणालो. लिहून दिलं, सही केली. तू त्यांना 'निमेशने मान हलवली' असं सांगितलंय हे मला ठाऊक होतं, तरी केली. त्याच संध्याकाळी तुला घरी बसवलं. तू गेटवर हेल्मेट जमा करत होतास, दोन्ही तळव्यांना पट्ट्या, आणि माझ्याकडे बघितलंस. मी बाइकला किक मारली. लिहायला लाज वाटते, पण घरी जाताना मला सुटल्यासारखं वाटलं होतं.

आठवड्याने पंढरीला बघायला गेलो, बोईसरच्या हॉस्पिटलात. गुडघ्याखाली सगळ्या पट्ट्या. मांडीची कातडी काढून पायाला लावलीय. चालेल म्हणतात, पण सहा महिने धरा. त्याची बायको नलू खाली सतरंजीवर बसून होती, तिने मला स्टूल दिलं. मी उजवा कान त्याच्याकडे करून बसलो. तो माझ्यावर रागावला नव्हता, त्याला नुसतं समजून घ्यायचं होतं. म्हणाला, "भाऊ, मी तुमाला बोललो ना, दोन बोल्ट राहिले हायत, वरच्याला थांबायला सांगा. तुमी मान हलवली. म्हणून मी बिनघोर होतो." कळलं का तुला काय झालं ते? वरून तू 'उघडू का' म्हणून विचारत होतास आणि त्याच वेळी खालून तो 'थांबायला सांगा' म्हणत होता. दोघांनाही माझी ती एकच मान मिळाली. तू उघडलंस आणि तो बसून राहिला. आणि मला दोघांतल्या एकाचंही अक्षर ऐकू आलं नव्हतं.

बाहेर येऊन जिन्यात बसलो. तुला वाटेल त्यानंतर मी सरळ ऑफिसात गेलो असेन. नाही गेलो. दुसऱ्या दिवशी डबा घेऊन पाळीला गेलो. पंढरीला कुणी काही विचारलंच नव्हतं, ठेकेदाराने तयार कागदावर त्याची सही घेतली होती, तेव्हा त्याचं बोलणं कुठे पोचणार नाही हे मी धरून चाललो होतो. तुझ्या जागी व्हॉल्व्हवर भगवंत आलाय. तो नियमाने ओरडून विचारायचा, मी दोन्ही हात डोक्यावर नेऊन 'उघड' म्हणायचो. पण तो ओरडला की नाही हे मी त्याच्या गळ्याच्या शिरांवरून ओळखत होतो. असे बारा दिवस काढले. जेवण जाईना. रुचिता विचारून थकली.

बुधवारी तुझी भाविका मुरब्याला आली. तुला न सांगता आली, तिला काही बोलू नकोस. आई दारात सुके बोंबील निवडत बसली होती. तिने चहाचं विचारलं, भाविका नको म्हणाली, तेव्हाच मी ओळखलं. ती माझ्या अगदी समोर येऊन उभी राहिली, उजेडात, आणि एकेक शब्द सावकाश बोलली. असं कुणी माझ्याशी बोललं की मी दचकतो, कारण याचा अर्थ त्या माणसाला माहीत आहे. म्हणाली, "ते सोमवारी सगळी चूक माझी म्हणून सही करणार आहेत. मी विचारलं, निमेशभाऊ खोटं का बोलले? तर म्हणाले, त्याला ऐकू येत नाही, मला नाशिकपासून माहीत आहे. हे बाहेर पडलं तर त्याचं वाजवणं संपेल. आणि मला माहीत असून मी वरून हाक मारली, म्हणून चूक माझीच." आईच्या हातातले बोंबील तसेच राहिले. "आयकू येत नाय म्हंजे? कोणाला? याला?" भाविकाने एक वाकडा शब्द काढला नाही. जाताना आईच्या पाया पडून गेली.

ती गेल्यावर मी नाशिकनंतरचे आपले सगळे व्हिडिओ काढून बसलो. आवाज बंद करून बघितले. मला वाटायचं मी फार हुशार, तुझ्या पायाकडे चोरून बघत ताल धरतोय आणि तुला पत्ता नाही. कसला पत्ता नाही! प्रत्येक व्हिडिओत तू तुझी जागा सोडून सरकत सरकत माझ्यासमोर आलायस. उजवा पाय माझ्या ड्रमखालच्या फळीवर, आणि प्रत्येक मात्रेला टाच आपटतोयस, फळीतून माझ्या पायाला लागावी म्हणून. पुण्याला तर तीन गाणी लोकांकडे पाठ करून वाजवलीस. चारुता त्यावरून किती चिडली होती! तू म्हणालास, मला एवढ्या लोकांची लाज वाटते. मी पण तुला हसलो होतो. आणि कंपनीत तीन वर्षं तू व्हॉल्व्हला हात लावायच्या आधी जिना उतरून यायचास, खांद्याला हात लावून विचारायचास, मान बघायचास आणि मग वर जायचास. मला वाटायचं, काय हा म्हातारीसारखा घोळ घालतो. त्या गुरुवारी घाई होती. तू एकदाच उतरला नाहीस.

मला तुझा रागही आला, लपवत नाही. तीन वर्षं माहीत होतं आणि एकदाही माझी कॉलर धरून म्हणाला नाहीस, की निम्या, चल डॉक्टरकडे? तान्ह्या पोरासारखं सांभाळत राहिलास गाढवा! नाशिकलाच मला उचलून नेलं असतंस तर पंढरीचा पाय वाचला असता, असंही मनात आलं. आणि मग माझी मलाच शिसारी आली. चार पानं झाली तरी मी अजून तुझ्यावर ढकलायला जागा शोधतोय. तू बोलला असतास तर मी काय केलं असतं हे आपल्या दोघांनाही माहीत आहे. हसून उडवलं असतं आणि महिनाभर तुझ्याशी बोललो नसतो.

तर आता काय केलं ते सांगतो. गुरुवारी पालघरला कानाच्या डॉक्टरकडे गेलो. यावेळी मोजलं नाही. ऐकू आलं तेव्हाच दाबलं, फार वेळा दाबावं लागलं नाही. डावा जवळजवळ गेला, उजवा निम्म्याच्या खाली. गेलं ते परत येणार नाही, आहे ते सांभाळा, ड्रम बंद, असं डॉक्टरबाई म्हणाल्या. मशीन लावायचं आहे. काल पंढरीकडे जाऊन त्याला आणि नलूला खरं सांगितलं. तो भिंतीकडे तोंड करून झोपला, नलूने स्टूल उचलून नेलं. काही चुकलं नाही त्यांचं. चारुताला आणि मेहुलला कळवलं, पुढच्या महिन्याच्या कार्यक्रमाला दुसरा ड्रमर बघा. आणि आज सकाळी नऊ वाजता कंपनीत जाऊन सेफ्टी ऑफिसरच्या हातात चार पानं दिली. कुंदनने विचारलं होतं. पंढरीने थांबायला सांगितलं होतं. मला दोन्ही ऐकू आलं नाही आणि मी मान हलवली. आधीचा जबाब खोटा आहे, तिन्ही मेडिकल मी फसवून पास झालो. सोबत डॉक्टरांचा रिपोर्ट. साहेबांनी दोनदा वाचलं, पोच दिली आणि माझा गेटपास तिथेच काढून घेतला. घरी आलो तर आई हातवारे करून विचारते, झालं का? तीन दिवस झाले, ती माझ्याशी बोटीवर बोलतात तशीच बोलतेय. रुचिताने सांगून पाहिलं की याला उजव्या कानाने येतं ऐकू, पण ती मानायलाच तयार नाही.

आता एवढं सगळं तुला फोनवर का नाही सांगितलं? काल सहा वेळा नंबर काढला. पण गेलं वर्षभर फोनवर मला तुझा आवाज येतो, शब्द येत नाहीत. तू बोलतोस, मी हं हं करतो, आणि फोन ठेवल्यावर तू मेसेज कधी टाकतोस याची वाट बघतो. काल फोन केला असता तर तू म्हणाला असतास, निम्या, तू गप्प राहा, मी सही करतोय. आणि मी त्यालाही हं म्हणालो असतो. म्हणून आधी तो कागद कंपनीत देऊन आलो आणि मग हा लिहायला बसलो. आता तुझ्या सहीने माझं काही वाचत नाही, तुझं मात्र जाईल, तेव्हा सोमवारी कशावरही सही करू नकोस. रुचिता हे घेऊन वाणगावला येतेय, तुझं वाचून होईपर्यंत ती दारात बसेल. उद्या मुरब्याला ये. शिव्या द्यायच्या तर दे, थोबाडीत द्यायची तर दे, फक्त समोर उभा राहून बोल. मला कळलं नाही तर मी 'काय?' म्हणेन. परत नाही कळलं तर परत म्हणेन. तू चिडशील, आवाज चढवशील, तरी म्हणेन.

तुझाच,
निमेश